‘सावंतवाडीची खेळणी’ म्हणून ७०,७८४ रुपयांना गंडवलं, दुकानदारांनो सावध व्हा

आकडा आधीच सांगून टाकते. लोक तो आडून आडून विचारतात आणि मग “अगं बाई!” करतात, त्याचा मला कंटाळा आलाय. सत्तर हजार सातशे चौऱ्याऐंशी रुपये. सॅम्पलचे ४५० वेगळे, पण ते यात धरत नाही. सॅम्पल चोख होतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

गुहागरात आमचं छोटं दुकान आहे. आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ, पर्यटक जे नेतात ते सगळं. मे महिन्यात मुलं बरोबर असतात आणि “मुलांसाठी काही आहे का?” हे हमखास विचारलं जातं. यंदा सावंतवाडीची लाकडी खेळणी ठेवायची असं ठरवलं. फळांच्या परड्या, भातुकली, ठकी म्हणजे लाकडी बाहुली. आपल्याच कोकणातली वस्तू, तिथल्या चितारी कारागिरांच्या हातची. बाहेरून प्लास्टिक आणून विकण्यापेक्षा हे बरं, असा सरळ विचार.

एका हस्तकलेच्या ग्रुपवर मी चौकशी टाकली आणि त्याच संध्याकाळी फोन आला. “ताईनू, तुमी कायएक काळजी करू नकात. माल माझो आसा, चितारआळीत घर आसा.” चितारआळी म्हणजे सावंतवाडीतली या खेळणीवाल्या चितारींची आळी. बोलणं अस्खलित मालवणी. आता मला सांगा, हिंदीत “मॅडम, हम कंपनी से बोल रहे हैं” म्हणणाऱ्याला आपण दोन मिनिटांत कटवतो. मालवणीत आईची विचारपूस करणाऱ्याला कसं कटवणार? तोंडओळख नसताना त्याने मोती तलावाच्या काठावरून फोटो पाठवले, राजवाड्यातल्या गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांची, माहिती दिली. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवींनी ही बुडत चाललेली कला पुन्हा उभी केली, हे सगळं तोंडपाठ. माहिती खरीच होती. खऱ्या माहितीत गुंडाळून खोटा माल विकणं हा त्याचा धंदा.

मग कुरियरने सॅम्पल आलं. फळांची एक परडी. आंबा, सीताफळ, केळी, मिरचीसुद्धा. पांगाऱ्याचं लाकूड, हातात घेतलं तर वजनच नाही. रंगकाम असं की आमच्या शेजारच्या काकूंनी केळं सोलायला घेतलं. ते त्याने चितारआळीतल्याच कुठल्यातरी दुकानातून विकत घेऊन मला पाठवलं होतं, हे पुढे कळलं.

ऑर्डर अशी. परड्या ६०, दर ४२०. भातुकलीचे संच ४०, दर ६५०. ठकी २५, दर ३८०. एकूण ६०,७००. निम्मे आगाऊ, म्हणजे ३०,३५०. नंतर “पक्कं बिल हवा तर” म्हणून १२ टक्के जीएसटी, ७,२८४. बिल आजतागायत आलेलं नाही. मग टेम्पोचं भाडं २,८००. आणि माल उतरवण्याआधी उरलेले ३०,३५०. बेरीज करून बघा.

आता तो व्हिडिओ. याबद्दल मला रात्री झोप लागत नाही. मी म्हटलं, कामाचा व्हिडिओ पाठवा. आला. कातारी यंत्रावर लाकूड फिरतंय, माणूस त्यावर लाखेची कांडी दाबून धरतोय आणि रंग झरझर चढतोय. बघतच राहावं असं काम. आणि मागे कुणीतरी मोठ्याने कन्नडमध्ये बोलतंय, रेडिओवर कन्नड गाणं. मी विचारलंसुद्धा! “कानडी कसं काय?” उत्तर तयार: “कामगार बेळगावकडचे आसत ताईनू, रेडिओ त्यांचोच.” बेळगाव सावंतवाडीपासून काही लांब नाही, आंबोलीचा घाट चढलं की झालं. कुणालाही पटलं असतं. मलाही पटलं. तो व्हिडिओ कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा होता, जिथली लाखकामाची खेळणी भारतभर प्रसिद्ध आहेत आणि ज्यांना जीआय, म्हणजे त्या भागाचीच खास वस्तू असल्याचं सरकारी मानांकन, मिळूनही कितीतरी वर्षं झाली. मी परडी मागितली होती, परडीतली फळं कुंचल्याने रंगवतात, आणि व्हिडिओत एकही फळ नव्हतं, एकही कुंचला नव्हता. फिरत्या लाकडावर चढणारी लाख बघत बसले आणि ब्रश कुठाय हे विचारलं नाही! तेवढा एक प्रश्न विचारला असता तर. असो.

व्हिडिओ मागायचा तर तुमच्याच ऑर्डरचा मागा, हातात तुमच्या दुकानाचं नाव लिहिलेला कागद धरून, त्याच दिवशीचा. जुना फॉरवर्ड चालवून घेऊ नका.

पैसे पाठवताना यूपीआयवर दुसरंच नाव आलं, कुठलंसं एंटरप्रायझेस. “मेव्हण्याचा खाता आसा.” आपल्याकडे निम्मे लोक मेव्हण्याच्या, मुलाच्या, बायकोच्या खात्यावर पैसे घेतात, यात संशय घ्यायचा तर गावात व्यवहारच बंद होतील. पण हे मी आज लिहितेय म्हणून ऐका: नाव जुळलं नाही तर पैसे पाठवू नका. समोरच्याला राग आला तर येऊ दे.

त्याने एक सर्टिफिकेटही पाठवलं होतं. त्याच्या एकट्याच्या नावाचं “जीआय सर्टिफिकेट”, वर अशोकस्तंभ, सोनेरी किनार. जीआय असं एकट्या माणसाच्या मालकीचं नसतं. ते त्या भागातल्या उत्पादकांच्या संस्थेच्या नावाने नोंदवलं जातं आणि एकेक कारागीर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली नोंद करतो. रजिस्ट्री चेन्नईला आहे, यादी ऑनलाइन बघता येते. मला हे आता माहीत झालं. आमसुलं विकणाऱ्या बाईला चेन्नईची रजिस्ट्री आधीपासून माहीत असावी अशी अपेक्षा असेल तर मग बोलणंच खुंटलं.

टेम्पो आला तो नेमका शिमग्यात. ग्रामदेवतेची पालखी घरी यायची होती, पाहुण्यांनी घर भरलेलं, अंगणात सडा-रांगोळी चाललेली. ड्रायव्हर घाईत, “पैसे आले असा फोन आल्याशिवाय माल उतरवायचा नाही, सांगून ठेवलंय.” वरचा खोका फोडून घेतला, दोन परड्या बघितल्या, अगदी सॅम्पलसारख्या. ३०,३५० पाठवले. ज्यांना वाटतं की मी पालखी थांबवून सगळे खोके मोजायला हवे होते, त्यांनी एकदा शिमग्यात आमच्या घरी यावं.

खाली काय होतं? प्लास्टिकची फळं, सजावटीत ठेवतात तसली. भातुकली म्हणजे एमडीएफचे, लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे, यंत्राने कापलेले तुकडे, वर ऑइलपेंट. ठकीला तोंडाच्या जागी चक्क छापील स्टिकर! ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं लाल. हे लहान मूल तोंडात घालणार. त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, “हस्तकला आसा, आयएसआय लागना नाय.” अर्धं खरं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, त्यातून हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि जीआयवाल्यांना सूट आहे. म्हणजे चिन्ह नसेल तर कारागिराचं ओळखपत्र मागा. खरा कारागीर ते आनंदाने दाखवतो. त्यानंतर त्याने “पैसे परत देतंय” म्हणून क्यूआर कोड पाठवला. पैसे घ्यायला पिन लागत नाही एवढी अक्कल मला आहे. तो डाव फुकट गेला.

आणि आता पोलीस. “माल आला ना? मग फसवणूक कसली? क्वालिटीचा वाद आहे, दिवाणी मॅटर.” मी म्हटलं, लाकूड सांगून प्लास्टिक दिलं. “मग परत करा.” कुणाला? पत्ता खोटा आहे. “मग तिकडे तक्रार द्या, आमची हद्द नाही.” तिकडचे म्हणतात पैसे तुमच्याकडून गेले, गुन्हा तिकडेच. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. हे मी छापून नेलं तर “ताई, तुम्ही वकील आहात का?” नंतर साहेब बंदोबस्तावर. मग साहेब मीटिंगला. मग साहेबांची बदली. अर्जावर शिक्का मिळाला, तेवढाच काय तो पुरावा. बँकेत तर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, “पिन तुम्हीच टाकलात ना?” हो बाबा, मीच टाकला, चोराने येऊन नाही टाकला, म्हणूनच तर फसवणूक म्हणतात! ग्राहक आयोगात जावं म्हटलं तर ओळखीच्या वकिलांनी थांबवलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ धरत नाहीत. म्हणजे पोलिसांच्या लेखी मी नाराज ग्राहक आणि ग्राहक कायद्याच्या लेखी व्यापारी. फसलेली बाई मी कुणाच्याच लेखी नाही.

त्यातल्या त्यात एक ऐका. पैसे गेल्याचं कळल्या क्षणी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. पुढच्या खात्यातून रक्कम निघायच्या आत अडवली तर अडवली. मी आधी त्या माणसाशी भांडत बसले.

शेवटी सावंतवाडी गाठली. गुहागरहून जायचं म्हणजे अख्खा दिवस एसटीत मोडतो, म्हणून तर फोनवर ऑर्डर दिली होती. चितारआळीत त्या नावाचं कुणी नाही. एका वयस्क चितारी काकांनी माझ्या पिशवीतली ठकी हातात घेतली, उलटून बघितली आणि काउंटरवर ठेवली. म्हणाले, असे खोके दाखवायला लोक अधूनमधून येतात आणि रागावून आमच्यावरच ओरडतात. भातुकलीचा त्यांचा दर मला मिळालेल्या दरापेक्षा पुष्कळ वर होता. स्वस्त मिळालं यातच खरं म्हणजे सगळं आलं. त्यांच्याकडून मी पाच परड्या रोख देऊन घेतल्या, प्रत्येक हातात घेऊन.

उरलेला माल अजून माळ्यावर आहे. मध्यंतरी एका व्यापाऱ्याने विचारलं, सगळा ९,००० ला देता का, मे महिन्यात “सावंतवाडीचा” म्हणून खपवतो, मुंबईच्या पर्यटकाला काय कळतंय? आमचे हे म्हणतात, देऊन टाक, निदान टेम्पोचं भाडं तरी सुटेल. मी दिलेला नाही आणि देणार नाही. पण तुमच्या आसपास कुणी ४२० ला परडी देत असेल तर आधी नखाने रंग खरवडा. माझ्यासारखे खोके आणखी कुणाच्या माळ्यावर असतील आणि त्या सगळ्यांना काही माझ्यासारखा राग आलेला नसेल.