नेक सायझिंग की फुल लेंग्थ? बोल्ट अडतोय तेव्हा काय निवडायचं

घरी भरलेलं काडतूस रायफलच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती पोकळी) नीट बसेना, की संशय आधी पावडरवर किंवा गोळीवर जातो. मी आधी बघतो ती पितळी केस, म्हणजे काडतुसाचं पुन्हा पुन्हा भरता येणारं नळकांडं, आणि ती मागच्या खेपेला कशी दाबून मापात आणली होती, म्हणजे तिचं सायझिंग कसं झालं होतं ते. अमेरिकेत राहून हा छंद जोपासणाऱ्यांसाठी हे लिहितोय. भारतात काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो, तिथे हे घरी करून बघू नका.

बार झाला की केस फुगून चेंबरच्या भिंतीला भिडते, मग किंचित आक्रसते, पण मूळ मापाला येत नाही. नेक सायझिंगची डाय (केस आत घालून दाबायचा साचा) फक्त मान, म्हणजे गोळी बसते तो भाग आवळते, गोळी घट्ट धरण्यापुरती. फुल लेंग्थची डाय मान, तिच्याखालचा उतरता खांदा आणि त्याखालचं पोट सगळंच दाबते.

नेक सायझिंगने केस तुमच्याच रायफलच्या मापाची राहते, पितळेवर ताण कमी पडतो, वंगणाचा चिकटा कमी. एकाच बोल्ट अ‍ॅक्शन रायफलने (चेंबर मागून बंद करणारा बोल्ट हाताने फिरवायची), पावडरच्या बेताच्या भारावर, कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला ते पुरतं. पण काही बारांनंतर खांदा पुढे सरकतो, पोटही चेंबरला घासतं आणि बोल्ट रेटून बंद करावा लागतो. मग फुल लेंग्थ डाय काढावीच लागते. अचूकतेसाठी म्हणून नेक सायझिंग करायचं, हा युक्तिवाद मला आता पटत नाही. बेंचरेस्टचे (टेबलावर रायफल टेकवून नेमबाजी) कितीतरी स्पर्धक फुल लेंग्थच करतात, कारण बोल्ट दर वेळी सारखा आणि हलका फिरला की रायफल जागची हलत नाही.

गॅरंड किंवा एआर-१० सारख्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलला (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या) तर नेक सायझिंग नकोच. तिथे केस अडली तर एक तर रायफल अडकते, नाही तर बोल्ट पुरता लागायच्या आत बार होण्याचा धोका असतो. लिव्हर अ‍ॅक्शनच्या (खालचा दांडा ओढून चालवायच्या रायफलच्या) बोल्टलाही केस रेटून बसवण्याची ताकद नसते.

फुल लेंग्थची खोड वेगळी. डायसोबतच्या कागदावर बहुधा लिहिलेलं असतं, शेलहोल्डरला (केसचं बूड धरणारा तुकडा) टेकेपर्यंत डाय खाली आणा आणि त्यानंतर आणखी थोडी खाली फिरवा. तेवढ्याने तुमच्या चेंबरसाठी खांदा गरजेपेक्षा मागे जाऊ शकतो. मग प्रत्येक बाराला केस ताणली जाते आणि बुडाच्या जरा वर भिंत पातळ होत जाते. तिथे बाहेरून चकचकीत कडं दिसतं, आणि पुढे केस तिथेच तुटते. पेपरक्लिप सरळ करा, टोक जरासं वाकवा आणि आतून बुडापासून वर ओढा. टोक खाचेत अडखळलं तर ती केस पकडीने चेपून भंगारात टाका.

हे टाळायला कंपॅरेटर, म्हणजे खांद्यापर्यंतचं माप घ्यायचं साधन लागतं. बार झालेल्या केसचा जुना प्रायमर (बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) काढा, बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घ्या, आणि डाय अशी लावा की बोल्ट अ‍ॅक्शनसाठी खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे जाईल, सेमी-ऑटोमॅटिकसाठी ०.००३ ते ०.००५. केसला वंगण पातळ लावा. कोरडी केस डायमध्ये रुतते, वंगण जास्त झालं तर खांद्यावर खळगा पडतो.

डाय बदलण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते शोधा. जिवंत काडतूस घालून बघायचं नाही. सायझिंग केलेली रिकामी केस घ्या, प्रायमर नाही, पावडर नाही. तिच्यावर मार्करची शाई फासा, बोल्ट हळूच बंद करून उघडा. शाई खांद्यावर खरवडली असेल तर डाय थोडी खाली हवी. बुडाजवळ खरवडली असेल तर पोट पुरेसं दाबलं गेलेलं नाही. तोंडाशी असेल तर लांबी मोजा: .३०८ विंचेस्टरच्या केसची कमाल लांबी २.०१५ इंच, कापून २.००५ वर आणतात. हे टाळू नका, कारण लांबलेली मान चेंबरमध्ये गोळीला आवळते आणि दाब वाढतो. रिकामी केस सहज गेली पण गोळी बसवलेली डमी (प्रायमर आणि पावडर नसलेलं काडतूस) अडली, तर सायझिंगचा दोष नाही. गोळी किती खोल बसलीय आणि क्रिंप करताना (केसचं तोंड गोळीवर आवळताना) खांदा फुगलाय का, ते बघा.

बोल्ट बंद होताना जड आणि बार झाल्यावर उघडताना जड, या दोन तक्रारी एका पारड्यात घालू नका. उघडताना जड, प्रायमर चपटा, केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणारा भाग) ठसा, असं दिसलं की दाब जास्त आहे असंच धरा. थांबा, त्या खेपेची उरलेली काडतुसं उकला, भार छापील तक्त्याशी ताडून बघा. कुठलीही डाय हा दोष बरा करत नाही.

एकच डाय घ्यायची तर फुल लेंग्थ घ्या आणि नेक डायचे वाचलेले पैसे कंपॅरेटरवर घाला. नेक डाय आधीच घरात असेल तर ती एका रायफलपुरती ठेवा, त्या केसेसच्या डब्यावर रायफलचं नाव लिहा, आणि बोल्ट जड वाटायला लागला की तो अख्खा डबा फुल लेंग्थमधून काढा.