मावशी जाब विचारते तेव्हा

हिंगणा औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात लैंगिक छळ प्रतिबंधाच्या वार्षिक प्रशिक्षणासाठी यंदा व्याख्यात्याऐवजी नागपुरातल्याच एका नाट्यगटाला बोलावले होते. अशा छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समितीची सदस्य या नात्याने मी त्यांचा ५० मिनिटांचा प्रयोग दोन्ही पाळ्यांसोबत पाहिला. ज्या आस्थापनांत असे प्रशिक्षण केवळ हजेरीपुरते उरले आहे, त्यांनी तो अवश्य ठेवावा, असे माझे मत झाले आहे.

प्रयोगाची बांधणी गवळणीची आहे. तमाशातल्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवली जाते आणि त्यांच्या तारांबळीवर प्रेक्षक हसतात. या गटाने वाट अडवण्याचा प्रसंग तसाच ठेवून हशाचा रोख मात्र अडवणाऱ्याकडे वळवला आहे. येथे वाट म्हणजे स्टोअरपासून कॅन्टीनपर्यंतचा बोळ, आणि अडवणारा सुपरवायझर. त्याच्या अचकट विचकट शेऱ्यावर मावशी, म्हणजे गौळणींची म्होरकी, चिडत नाही, ती शांतपणे विचारते, "गंमत केली म्हनता ना जी, मंग आमाले बी सांगा, हासाचं कुठी हाय त्याच्यात?" स्वतःचा विनोद समजावून सांगता सांगता तो गृहस्थ इतका अडखळतो की अखेरीस त्याला वाक्यही पुरे करता येत नाही, आणि सर्वांत मोठा हशा नेमका तेथे पिकला. मग भोवतालचे सहकारी "जाऊ द्या ना, स्वभावच आहे त्याचा" असे पालुपद धरू लागले, तेव्हा पुढच्या रांगांतले काही पुरुष एकदम गप्प झाले. ते वाक्य आमच्या खात्यांत नेहमी ऐकू येते.

अखेरीस या पालुपदाचाच बडग्या, म्हणजे वाईट गोष्टींचा पुतळा, करून मिरवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या नागपूरकरांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी सभागृहाने आपणहून दिली.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील तरतुदी सवाल-जवाबांतून येतात: १० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे समिती बंधनकारक, तिच्यात किमान निम्म्या स्त्रिया, तक्रारीला ३ महिन्यांची मुदत, चौकशीला ९० दिवस.

दोन उणिवा मात्र सांगितल्या पाहिजेत. एका प्रवेशात अर्ज लिहिता न येणाऱ्या सफाई कामगार बाईच्या गोंधळावर हशा घेतला जातो, आणि तेवढ्यापुरता हा प्रयोग जुन्या गवळणीच्याच वळणावर जातो. लिहिता न येणाऱ्या स्त्रीला अर्ज लिहिण्यास मदत करणे हे समितीचे काम आहे, ते तेथे दाखवायला हवे होते. दुसरे म्हणजे कंत्राटी कामगारांचा उल्लेखही नाही. दुसऱ्या पाळीचा प्रयोग संपल्यावर पॅकिंगमधल्या एक ताई दाराशी थांबून मला विचारत होत्या, "मॅडम, आम्ही ठेकेदाराच्या बाया, आमाले चालते का हे?" चालते, कायद्याने त्याही कर्मचारीच आहेत, असे मी त्यांना सांगितले, त्यांनी समितीच्या फलकावरचे नंबर उतरवून घेतले आणि त्या बस पकडायला गेल्या.