कपडे धुण्याच्या जाळीदार पिशवीविषयी, सहा महिन्यांच्या वापरानंतर

वॉशिंग मशीनमध्ये कपडे भरून टाकायची आणि धुताना त्यांतून सुटणारे प्लास्टिकचे तंतू अडवणारी ही बारीक जाळीची पिशवी मी मागवली, ती उत्तर ध्रुवाजवळच्या एका माशाविषयी वाचून. ध्रुवीय कॉड हा हाताएवढा मासा बर्फाखाली राहतो आणि सील, देवमासे व समुद्रपक्षी त्याच्यावर जगतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ७२ लहान माशांची पोटे तपासली, तेव्हा दोघांत प्लास्टिक सापडले. संख्या थोडी आहे, पण जिथे वस्तीच नाही तिथल्या माशाच्या पोटात ते असावे, याने मला अस्वस्थ केले. पुढे २०२१ च्या एका अभ्यासात आर्क्टिकच्या पाण्यातील सूक्ष्म प्लास्टिकपैकी सुमारे ९२ टक्के कृत्रिम तंतू निघाले आणि त्यांत पॉलिएस्टर सर्वाधिक होते.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात पॉलिएस्टर कमी नाही. सुरतेच्या साड्या आहेत, शाळेचे गणवेश आहेत आणि नवरात्रातल्या चणिया-चोळ्या तर नऊ रात्री घामाने भिजून रोज धुवाव्या लागतात. सांडपाणी शुद्धीकरणात बरेच तंतू गाळात अडकतात, पण उरलेले नदीनाल्यांत जातात. आमची विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात पोहोचते.

पिशवीचे काम समाधानकारक आहे. धुणे झाल्यावर तिच्या कोपऱ्यांत आणि शिवणीत करड्या तंतूंचा थर जमतो, नव्या कपड्यांच्या पहिल्या दोन-तीन धुण्यांत तो अधिक असतो, आणि कपड्यांची घासाघीस कमी झाल्याने मुळात तंतू सुटण्याचे प्रमाणही घटते. जाळीहून बारीक तंतू मात्र निसटतात, त्यामुळे वेष्टनावरचा ‘संपूर्ण संरक्षण’ हा दावा मला मान्य नाही. पिशवी अर्धीच भरावी लागते, त्यामुळे मोठ्या धुण्याला दोन फेऱ्या होतात.

खरी तक्रार माहितीपत्रकाची आहे. जमलेला थर कुठे टाकावा, हे त्यात लिहिलेलेच नाही. पहिले काही दिवस मी पिशवी नळाखाली धुतली, म्हणजे अडवलेले तंतू पुन्हा मोरीतच सोडले. आता पिशवी वाळवून थर हाताने काढते आणि कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकते. एका बाजूची शिवण उसवू लागली आहे. ती घरी टाचून घेतली असून याच बनावटीची दुसरी पिशवी सासूबाईंच्या साड्यांसाठी मागवली आहे.