म्हापशातलं रियाल मोडायचं दुकान आणि १९८६ चा जानेवारी

चवथीला मस्कतहून आलेल्या भावाकडे दोनशे रियालच्या नोटा होत्या. त्या मोडायला आम्ही डिचोलीहून म्हापशाला गेलो. आईलाही बरोबर घेतलं. शुक्रवार, म्हणजे बाजाराचा दिवस, त्यामुळे गाडी लावायलाच अर्धा तास गेला. तरी मुद्दाम इथवर आलो, कारण मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी फोनवर एक दर सांगितला होता आणि काउंटरवर 'सर्व्हिस'च्या नावाखाली भलतीच रक्कम कापली. पावती मागितली तर कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून हातात दिला.

या दुकानाच्या दारातच फळा आहे. वर तारीख, खाली प्रत्येक चलनापुढे खडूने लिहिलेले दोन दर: घेण्याचा आणि देण्याचा. त्या दिवशी मोबाइलवर रियाल २२८ रुपयांच्या आसपास दिसत होता, फळ्यावर घेण्याचा दर २२३.५०. भावाने सरळ विचारलं, साडेचार रुपये कुठे गेले? मालक शांतपणे म्हणाले, "बाब, मोबाइलवरचा दर बँका आपसात व्यवहार करतात तो. मी नोट विकत घेतो, सांभाळतो, पुढे पाठवतो. माझी कमाई त्या साडेचारात आली, वेगळं कमिशन नाही." आणि खरंच नव्हतं. दोनशे रियालचे ४४,७०० रुपये झाले. रकमेचा एक टक्का धरून त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८० रुपये ४६ पैसे, पावतीवर वेगळा दाखवला होता. लाखाच्या आतल्या रकमेला हाच हिशेब लागतो, कमीत कमी ४५ रुपये. पासपोर्ट बघितला, प्रत ठेवून घेतली, नोटा मोडल्याचं सर्टिफिकेट दिलं. दहा मिनिटांत काम झालं.

पण हे लिहायला बसले ते त्या दहा मिनिटांसाठी नाही.

आईने पिशवीतून बाबांचं पाकीट काढलं. त्यात त्यांनी जपून ठेवलेल्या तीन जुन्या नोटा होत्या. मालकांनी त्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, "मावशी, या आता चालायच्या नाहीत. २०२० च्या आधीच्या नोटा ओमानच्या सेंट्रल बँकेने २०२४ च्या अखेरीस बाद केल्या." आमच्यासारख्या अडाण्यांकडून पाच-पन्नास रुपयांना घेऊन हौशी लोकांना विकता आल्या असत्या. त्यांनी त्या होत्या तशाच घडी घालून पाकिटात परत ठेवल्या.

मग आईने इतकी वर्षं मनात ठेवलेला प्रश्न विचारला. बाबा १९७९ पासून मस्कतला होते. दर महिन्याला शंभर रियाल धाडायचे. १९८६ च्या सुरुवातीला एकदम कमी रुपये हातात आले आणि पुढेही कमीच येत राहिले. आजीने तेव्हा धरून ठेवलं, की मुलाने हात आखडता घेतला, तिकडे काहीतरी वेगळंच चाललंय. बाबांनी पत्रात लिहिलं होतं, 'रियाल पडला'. ते घरात कुणालाच पटलं नाही. रियाल कसा पडेल? पडतो तो रुपया.

मालकांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. ओमानचा रियाल डॉलरला बांधलेला आहे. १९७३ पासून एका रियालला २.८९५ डॉलर मिळत. जानेवारी १९८६ मध्ये ओमानने स्वतःच तो खाली आणून २.६००८ केला, आणि आजही तोच आहे. डॉलर तेव्हा बारा रुपयांच्या थोडा वर होता. म्हणजे शंभर रियालचे साडेतीन हजार यायचे तिथे जेमतेम बत्तीसशे येऊ लागले. दर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास कमी. बाबा तेवढेच रियाल पाठवत होते.

आई काहीच बोलली नाही. तिने तो हिशेब कागदावर लिहून मागितला. मालकांनी वर महिना-साल आणि खाली दोन्ही दर असं नीट अक्षरात लिहून दिलं.

त्यांच्या वडिलांच्या रोजच्या दरांच्या वह्या कपाटात आहेत. त्यांतली १९९१ ची त्यांनी दाखवली. १ आणि ३ जुलैच्या ओळी लाल शाईने लिहिलेल्या. त्या दोन दिवसांत सरकारने रुपया दोनदा उतरवला, डॉलर २१ वरून २६ च्या जवळ गेला. रियाल ५५ च्या घरातून ६७ च्या आसपास. बाबांनी आमच्या स्लॅबसाठी अडीचशे रियाल जूनमध्येच पाठवले होते. महिनाभर थांबले असते तर तीनेक हजार जास्त आले असते, त्या काळातले तीन हजार! पण पाऊस लागायच्या आत स्लॅब पडायला हवा होता, ते कसे थांबणार?

१९७० पर्यंत ओमानमध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेला गल्फ रुपया चालायचा आणि तिकडचा 'बैसा' म्हणजे आपलाच पैसा, हेही मला तिथेच कळलं. गिऱ्हाईक खोळंबलेलं नसेल तर हे गृहस्थ मनापासून सांगतात.

उणिवा आहेत. खुर्ची एकच, पायऱ्या उंच आणि कठडा नाही. आईला दोघांनी धरून चढवावं लागलं. ज्यांच्याकडे जुने हिशेब विचारायचे असतील अशी माणसं वयस्करच असणार, त्यांच्यासाठी निदान एक बाक हवा. दुपारी एक ते साडेतीन बंद. शुक्रवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत त्यांनाही वह्या काढायला सवड नसते. आमचं नशीब, आम्ही बंद व्हायच्या वेळेला पोचलो आणि त्यांनी शटर अर्धं ओढून आम्हाला आत बसवून घेतलं.