क्वीनचा सगळ्यात उपेक्षित अल्बम: 'क्वीन टू' घ्यावा की 'अ डे ॲट द रेसेस'?

'ग्रेटेस्ट हिट्स' तोंडपाठ झालंय, 'बोहेमियन रॅप्सडी'च्या नादाने 'अ नाइट ॲट दि ऑपेरा'ही ऐकून झालाय, आता क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा आणखी एकच अल्बम विकत घ्यायचा तर कुठला, असं साताऱ्यात मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याला बहुधा गाजलेला नको असतो. ज्याची गोडी थोड्यांनाच कळली असा हवा असतो. इथल्या 'चार भिंती'च्या टेकडीवर बसून आम्ही मित्रांनी या विषयावर इतका वाद घातलाय की फिरून फिरून दोनच नावं उरतात: १९७४ चा 'क्वीन टू' आणि १९७६ चा 'अ डे ॲट द रेसेस'. दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही मला प्रिय आहेत. तरी एकच ठेवायची वेळ आली तर कुठला ठेवीन, हे माझं कधीच ठरलंय.

इतर अल्बमांबद्दल थोडक्यात सांगतो. 'हॉट स्पेस'ची बाजू घेणारे आमच्यातही आहेत. १९८२ साली गिटार मागे सारून डिस्को आणि फंककडे वळलेला हा अल्बम चाहत्यांनी झोडपला, जरा जास्तच झोडपला हेही खरं. पण डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' बाजूला काढलं तर पुन्हा पुन्हा लावावं असं माझ्यापुरतं त्यात फारसं उरत नाही. 'इन्युएंडो'ला तर मी उपेक्षित म्हणणारच नाही. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या हयातीत आलेला तो शेवटचा अल्बम, फेब्रुवारी १९९१ चा; त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. 'द शो मस्ट गो ऑन' ऐकून गलबलून न आलेला चाहता मला अजून भेटायचाय. तो घेणार असाल तर एवढंच बघा की १९९१ ची मूळ एलपी एकाच तबकडीत बसवताना काही गाणी कापली होती, 'बिझू' तर निम्म्याहून जास्त. सीडी घ्या, नाहीतर नंतर निघालेली दोन तबकड्यांची आवृत्ती.

आता मुद्द्याचे दोन.

आमच्यात 'क्वीन टू'चा वकील आहे तो मिरजेचा मित्र. सतारमेकर गल्लीच्या आसपास लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे त्याचे कान तारेच्या आवाजाला फार हळवे. या अल्बमात गिटारवादक ब्रायन मेचं 'व्हाइट क्वीन' आहे. त्यात एका जुन्या अकूस्टिक गिटारचा आवाज चक्क सतारीसारखा येतो, कारण मेने तिच्या घोडीवर तारा किंचित घासतील अशी व्यवस्था करून ठेवली होती. मिरजेच्या मित्राने पहिल्याच वेळी ते ऐकून, 'अरे, ही तर जवारी!' म्हणून गाणं मागे घ्यायला लावलं. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवत सरकवत कारागीर जो रेंगाळणारा झणत्कार शोधतो, तोच लंडनच्या एका पोराने आपल्या स्वस्तातल्या गिटारवर शोधला, याचं त्याला अजून अप्रूप आहे. मलाही आहे.

'क्वीन टू'ची रचनाही देखणी. एलपीला पहिली आणि दुसरी अशा बाजू नाहीत. एक पांढरी, एक काळी. पांढरीवर ब्रायन मेची गाणी आणि शेवटी एक ड्रमवादक रॉजर टेलरचं. काळी संपूर्ण फ्रेडीची. या काळ्या बाजूवर फ्रेडीने काय काय केलंय ते खरंच ऐकण्यासारखं आहे. 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक' हे गाणं रिचर्ड डॅडच्या त्याच नावाच्या चित्रावरून सुचलेलं. ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गवताच्या पात्यांमागे दाटीवाटीने उभी असलेली चिमुकली माणसं, प्रत्येक जण आपल्याच कामात. गाण्यातही तशीच दाटी आहे. फ्रेडी हार्प्सिकॉर्ड हे पियानोसारखं जुनं वाद्य वाजवतोय, वरून आवाजांचे थर येतायत, डाव्या कानातून उजव्या कानात पळतायत. 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन' साडेसहा मिनिटांचं. पुढच्या वर्षी येणाऱ्या 'बोहेमियन रॅप्सडी'ची बीजं त्यात उघड दिसतात. आणि मुखपृष्ठावरचे अंधारातून वर येणारे ते चार चेहरे! मिक रॉकने काढलेला तो फोटो क्वीनची ओळखच बनला, 'बोहेमियन रॅप्सडी'च्या चित्रफितीतही तोच देखावा उभा केला.

मग अडतं कुठे? मला अडलं ते सांध्यांवर.

या अल्बमातली गाणी एकमेकांत ओवलेली आहेत. 'प्रोसेशन' सरळ 'फादर टू सन'मध्ये शिरतं, 'फादर टू सन'चा शेवट 'व्हाइट क्वीन'ला जाऊन मिळतो. काळ्या बाजूला तर हे टोकाला जातं: 'ओगर बॅटल'मधून 'फेअरी फेलर', त्यातून 'नेव्हरमोर', आणि 'ब्लॅक क्वीन' संपतं न संपतं तोच 'फनी हाउ लव्ह इज'. तबकडीवर, बंद खोलीत, सलग वीस मिनिटं मिळाली तर हे स्वर्गीय वाटतं. पण मी गाणी ऐकतो ती गाडीत, स्वयंपाकघरात, दुकानात माल लावताना. गाडीतल्या जुन्या स्टिरिओला पेन ड्राइव्ह लावला की तो आधी गाणी अक्षरक्रमाने लावायचा. नावापुढे आकडे घालून क्रम बसवला. तरी दोन गाण्यांच्या मध्ये तो दम घ्यायला थांबतोच. पाचवडहून वाईकडे वळलो की मी हमखास काळी बाजू लावायचो, म्हणजे पसरणीचा घाट चढेपर्यंत फ्रेडी रंगात यावा. आणि 'ओगर बॅटल'च्या शेवटी तो झांजेचा गजर विरत विरत हार्प्सिकॉर्डच्या हातात सूर देणार, नेमकी तिथे शांतता. कचकन ब्रेक मारल्यासारखी. मग पुढचं गाणं मधूनच सुरू. 'नेव्हरमोर' तर सव्वा मिनिटाचं. मागची पुढची गाणी तोडली तर ते बिचारं कुठून आलं आणि कुठे गेलं, काही कळत नाही.

फोनवर सलग वाजवायची सोय असते, मान्य आहे. पण मधेच फोन येतो, घाटात रेंज जाते. त्याहून मोठी अडचण अशी की कुणाला एखादं गाणं ऐकवायचं म्हटलं तरी ते सुटं काढता येत नाही. 'व्हाइट क्वीन' ऐकवायला गेलं की आधीच्या गाण्याचं शेपूट येतं. मेहुण्याला 'ब्लॅक क्वीन' ऐकवलं तर शेवटी तो म्हणाला, 'दाजी, संपलं का? की बंद पडलं?' 'क्वीन टू' पूर्ण वेळ मागतो, आणि तो माझ्याकडे नसतो. ही तक्रार कुणाला क्षुल्लक वाटेल, मला ती दर वेळी बोचते. ज्यांच्याकडे चांगला रेकॉर्ड प्लेअर आहे आणि संध्याकाळी दार लावून घ्यायची मुभा आहे, त्यांनी हा सगळा परिच्छेद खुशाल सोडून द्यावा.

आणखी एक. 'क्वीन टू' उपेक्षित होता हे खरं, पण ते १९७४ साली. तेव्हा ब्रिटिश समीक्षकांनी त्याला बरंच फटकारलं, तरी तो पाचव्या क्रमांकापर्यंत पोचला. आज मात्र कुठल्याही मुरलेल्या चाहत्याला विचारा, 'लोकांना न कळलेला अल्बम' म्हणून तो पहिलं नाव हेच घेतो. इतके जण ज्याची बाजू घेतात त्याला आता आपल्या वकिलीची गरज उरली नाही, असं मला वाटतं.

'अ डे ॲट द रेसेस'चं दुखणं वेगळं. आधी 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' आला, १९७५ ला, 'बोहेमियन रॅप्सडी' घेऊन. नंतर 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' आला, १९७७ ला, 'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' घेऊन. या दोघांच्या मध्ये १० डिसेंबर १९७६ चा हा अल्बम म्हणजे घरातला मधला मुलगा. थोरल्याचं कौतुक, धाकट्याचे लाड, आणि हा आपला मुकाट्याने सगळं नीट करतोय. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊनसुद्धा त्याची ओळख 'ऑपेराचा जोडीदार' एवढीच राहिली. नाव तसंच, हॉलिवूडमधल्या मार्क्स बंधू या विनोदवीरांच्या चित्रपटावरून, मुखपृष्ठावर तेच सिंह आणि पऱ्यांचं राजचिन्ह, फक्त तिकडे पांढरी पार्श्वभूमी आणि इकडे काळी. त्यामुळे लोकांनी त्याला दुसरी प्रत समजून बाजूला ठेवलं. क्वीनने आधीचा निर्माता रॉय थॉमस बेकर याच्याशिवाय, स्वतःच निर्मिती केलेला हा पहिला अल्बम, हेही फार जण लक्षात घेत नाहीत.

यातलं प्रत्येक गाणं स्वतःच्या पायावर उभं आहे. 'यू टेक माय ब्रेथ अवे' सुरू होतं ते फ्रेडीच्याच आवाजांच्या थरांनी. एकटा माणूस स्वतःचाच कोरस झालाय, आणि मग सगळे आवाज मागे सरून एक पियानो आणि एक गळा उरतो. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये फरोख बुलसारा नावाने शिकलेला, तिथल्या 'द हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा मुलगा पुढे त्या वाद्यावर किती हळुवार बोट ठेवायला शिकला, ते इथे ऐकू येतं. आपल्या जिल्ह्यात त्याचं बालपण गेलं म्हणून मी हे म्हणत नाही. हेडफोन लावून ऐका आणि सांगा. 'द मिलियनेर वॉल्ट्झ'च्या सुरुवातीला पियानोच्या जोडीला जॉन डीकनचा बास गिटार जे काही बोलतो, ते तर स्वतंत्रपणे ऐकावं असं आहे. इतक्या मागे उभा राहणारा माणूस इतका पुढे आलेला क्वीनमध्ये क्वचितच सापडतो. 'समबडी टू लव्ह' तुम्हाला माहीतच आहे. फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांच्या गळ्यांवर थर चढवून अख्खी गॉस्पेल मंडळी, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारा जथा, उभी केलीय, पण अल्बममध्ये लगेच पाठोपाठ 'व्हाइट मॅन'सारखं जड, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या बाजूने उभं राहिलेलं गाणं आलं की त्याची चव आणखी वाढते. रॉजर टेलरचं 'ड्राउझ' रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर लावा. दुसरी वेळ त्याला शोभत नाही.

आणि ती पेटी. अल्बमची सुरुवात आणि शेवट एकाच चमत्कारिक आवाजाने होतो: सूर चढतोय, चढतोय, पण वर पोचतच नाही. याला शेपर्ड टोन म्हणतात; रॉजर शेपर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली हा कानाचा भास मांडला. एकाच स्वराची वेगवेगळी सप्तकं एकावर एक ठेवायची, वरचं विरत न्यायचं, खालचं हळूच पुढे आणायचं, म्हणजे कानाला सतत आरोहच वाटतो. ब्रायन मेने तो हार्मोनियमवर अवरोह वाजवून, टेप उलटी फिरवून साधला. हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा आमच्या शेजारच्या काकांनी सांगितलं. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. दारातूनच म्हणाले, 'अरे, पेटी आहे ही. पण सूर शेवटाकडून सुरू होतोय बघ.' त्यांनी क्वीनचं नावही ऐकलेलं नव्हतं.

शेवटचं गाणं 'तेओ तोरिआत्ते' संपल्यावर हा आवाज पुन्हा येतो आणि अल्बम गोल फिरून पहिल्या गाण्याला मिळतो. म्हणजे सांधा इथेही आहे. पण तो तुटला तरी कुठल्याच गाण्याला इजा होत नाही. लक्षात आलं तर आनंद, नाही आलं तरी नुकसान नाही.

दोष आहेतच. 'टाय युअर मदर डाउन' तापायला जवळजवळ एक मिनिट घेतं, आणि घरी आईसमोर त्याचं नाव सांगायची पंचाईत होते. 'क्वीन टू'मध्ये जो बेभानपणा आहे, विशी-पंचविशीतल्या पोरांनी सगळं एकाच अल्बमात ओतून टाकलंय असा, तो इथे नाही. इथे हात बसलेला आहे. कुणाला नेमका तो बेभानपणाच हवा असेल तर माझा आग्रह नाही. मिरजेचा मित्र हेच म्हणतो, आणि 'व्हाइट क्वीन' लागलं की मी त्याच्याशी वाद घालत नाही.

तेव्हा पाच-सहा गाण्यांसाठी सवडीने बसणार असाल, तर 'क्वीन टू' घ्या, आणि तबकडीच घ्या. काळी बाजू आधी लावा. कामात, प्रवासात, चार माणसांत ऐकणार असाल, तर 'अ डे ॲट द रेसेस'. त्याचीही सुरुवात मी दुसऱ्या बाजूने करीन. 'समबडी टू लव्ह' ओळखीचं आहे, तिथून पाय रोवता येतो, मग 'ड्राउझ'पर्यंत सावकाश चला. 'तेओ तोरिआत्ते'ची जपानी कडवी आली की अर्थ शोधायला थांबू नका. जपानमधल्या श्रोत्यांसाठी ब्रायन मेने ती घातली होती. फ्रेडी ती ज्या मायेने म्हणतो तेवढं पुरतं. ती संपल्यावर पेटी ऐकू येईल. मग तबकडी उलटा.