फ्रीबीएमडी आणि फॅमिलीसर्च : आठ महिने वापरल्यावर

नवऱ्याची पणजी शोधायला मी आठ महिने या दोन साईट वापरतेय, दोन्ही फुकट आहेत. फ्रीबीएमडीवर इंग्लंड-वेल्सच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या सरकारी नोंदींचा इंडेक्स (तिमाहीवार नावांची यादी) आहे, फॅमिलीसर्चवर जनगणनेसारखी जुनी कागदपत्रं नावाने शोधता येतात. नवरा इंग्लिश, त्याचं घराणं लँकेशायरमधल्या बर्नलीचं. सासऱ्यांना आपल्या आजीबद्दल एवढंच माहीत की ती कापड मिलमध्ये विणायची आणि 1919 ला लग्न झालं. माझे आजोबा परळच्या मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर विणणारे होते, त्यामुळे मला या बाईची ओढच लागली.

फॅमिलीसर्चवर 1911 च्या जनगणनेत ती पहिल्याच आठवड्यात सापडली, फॉर्मचा फोटो बघायला मात्र एका पेड साईटचं सबस्क्रिप्शन घ्यावं लागलं (ते न विचारता रिन्यू झालं, पैसे गेले, तारीख लक्षात ठेवा). 1911 चा फॉर्म घरातल्या माणसाच्याच हाताने भरलेला असतो, बघून अंगावर काटा आला. वय 14, नातं मुलगी, काम विणकाम. चौदाव्या वर्षी! मग त्या आडनावाने फ्रीबीएमडीवर जन्म शोधत बसले, 1895 ते 1899 प्रत्येक तिमाही, आजूबाजूचे जिल्हे, स्पेलिंग बदलून, चार महिने गेले आणि काहीच नाही.

शेवटी लग्नाचा दाखला मागवला. 1912 नंतरच्या इंडेक्समध्ये जोडीदाराचं आडनावही असतं त्यामुळे पणजोबांच्या नावावरून नोंद दहा मिनिटांत मिळाली. दाखल्यात बापाचं नाव आणि धंदा असतो, आणि तिथे आडनाव वेगळंच, पुढे लिहिलेलं 'मृत'. म्हणजे 1911 मधला तो माणूस सावत्र बाप. परत फॉर्म उघडला तर उत्तर तिथेच होतं, बायकोपुढे 'सध्याच्या लग्नाला 7 वर्षं' आणि मुलगी 14 ची. तो रकाना मी वाचलाच नव्हता. खऱ्या आडनावाने जन्म लगेच मिळाला, 1901 च्या जनगणनेत ती 4 वर्षांची, आई विधवा. आईचं 1904 चं दुसरं लग्नही मिळालं, तेव्हाच्या इंडेक्समध्ये जोडीदार नसतो पण दोघांचा पान नंबर जुळतो, फ्रीबीएमडीवर त्या नंबरावर क्लिक केलं की त्या पानावरची बाकीची नावं दिसतात, मला सगळ्यात आवडलेली सोय हीच.

तुम्ही सुरू करत असाल तर लग्नाचा दाखला आधी घ्या, पैसे पडतात पण माझे चार महिने वाचले असते. इंग्लंडची 1931 ची जनगणना शोधू नका, ती 1942 च्या आगीत जळाली आणि 1941 ला युद्धामुळे झालीच नाही, त्या काळासाठी 1939 चं रजिस्टर (युद्ध सुरू झाल्यावर केलेली घरोघरची नोंद) बघा. आपल्याकडे जनगणनेतली नावं कधीच खुली होत नाहीत, माझ्या माहेरच्यांसाठी त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्याच बघाव्या लागणार.

लग्नानंतरही ती कामाला जायची असं सासरे सांगतात, म्हणून आता 1921 चा फॉर्म घेणार आहे, त्यात मालकाचं नाव लिहायला लागायचं, म्हणजे मिल कोणती ते कळेल. सासरे रोज विचारतात, मिळाला का.