कुडाळचं बियाण्याचं दुकान, वायंगण भात आणि फुलोऱ्यातलं ऊन (साडेचार स्टार)

गेल्या एप्रिलच्या सुरवातीला मी हातात भाताच्या चार लोंब्या घेऊन ह्या दुकानात गेले, खरं तर औषध मागायलाच. आमचं बारा गुंठे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं, विहिरीच्या पाण्यावरचं भात, आणि सगळं हिरवंगार दिसत असून लोंब्या सरळ उभ्या, वाकायचं नाव नाही, दाबलं तर आत काहीच नाही, नुसता पोचटपणा. त्याआधी दुसऱ्या एका दुकानातून साडेआठशे रुपयांची बाटली आणून मारली होती, तिच्यावर लिहिलेलं की पिकाचे जीन जागे करून उष्णता सहन करायची ताकद देते. काडीचा फरक पडला नाही.

इथल्या काकांनी लोंबी घेतली, नखाने पाच-सहा दाणे फोडले आणि पहिला प्रश्न विचारला तो तरवा (रोपांसाठीचं बी) कधी टाकलात आणि भात निसवलं (लोंब्या बाहेर पडल्या) कधी. मी म्हटलं तरवा नाताळाच्या तोंडावर, निसवलं शिमग्यानंतर. तर म्हणाले, "गो बाय, रोग नाय ह्यो. फुलोऱ्यात ऊन लागला." आणि मला काहीही न विकता परत पाठवलं. रिकाम्या हाताने परत पाठवणारा दुकानदार मला तरी पहिल्यांदाच भेटला, माझे पाच स्टार तिथेच होते, अर्धा कशाला कापला ते पुढे सांगते.

नोव्हेंबरात बियाणं घ्यायला गेले तेव्हा काकांची मुलगी गल्ल्यावर होती, ती बायोटेक शिकते, सुट्टीला आलेली. तिला मी सरळ विचारलं की अगं हे जीन जागे करणं वगैरे खरं असतं की थापा? तिने इतकं छान समजावलं की मी अर्धा तास पिशवी हातात घेऊन उभीच. म्हणाली वहिनी, पेशीतली प्रोटीनं म्हणजे घडी घातलेली लुगडी समजा, उष्णतेने घडी विस्कटते आणि सगळी एकमेकांत गुंततात, अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं तसं. मग झाड स्वतःच हीट शॉक प्रोटीन नावाची मदतनीस प्रोटीनं बनवतं, ती विस्कटलेली घडी परत बसवतात, त्यातलं एचएसपी १०१ तर गुंतलेला गोळासुद्धा सोडवतं. हा शोध लागला तो १९६२ मध्ये इटलीत, केळ्यावर घोंघावणारी बारीक चिलटं असतात ना, त्यांच्या अळ्या ठेवलेल्या पेटीचं तापमान चुकून वाढलं आणि रितोसा नावाच्या शास्त्रज्ञाला त्यांच्या गुणसूत्रांवर नवीनच फुगवटे, म्हणजे कामाला लागलेले जीन, दिसले. म्हणजे जीन जागे होतात हे खरं आहे, पण ते उन्हानेच जागे होतात, भाताकडे ती सोय आधीपासूनच आहे. प्रश्न एवढाच की परागकणात ती सोय फार तोकडी पडते.

आणि भाताचं सगळं गणित ह्या परागावर. एकेक फूल सकाळी उमलतं आणि साधारण तासभरच उघडं राहतं, त्या तासात पारा ३५ अंशांच्या वर गेला तर परागकोश नीट फुटत नाही, पराग पडला तरी रुजत नाही, दाणा भरायचा प्रश्नच संपला. पान हिरवं का राहिलं ते मला तेव्हा कळलं. त्यात आपली दमट हवा! कोरड्या मुलखात पाणी उडून लोंबी थोडी थंड राहते, आपल्याकडे तेवढाच पारा असला तरी लोंबी जास्त तापते. हे ऐकून मला सासूबाईंची आठवण आली, त्या म्हणायच्या वायंगणाला थंडीतच फुलू द्यावं, आम्ही म्हणायचो जुनी माणसं काहीतरी बोलतात.

मग मी अर्थातच विचारलं की उन्हात टिकणारं बी आहे का. पेपरात जीन बदललेल्या भाताचं वाचलं होतं. तिने उगाच स्वप्नं दाखवली नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात सरकारने जीनोम एडिटिंगचे, म्हणजे भाताचेच जीन नेमके बदलून केलेले, दोन वाण जाहीर केले, डीआरआर धान १०० म्हणजे कमला आणि पुसा डीएसटी राईस १. त्यातला कमला सांबा महसुरीवरून केलाय, जास्त दाण्यांसाठी, आणि दुसऱ्यात जो जीन बदललाय तो दुष्काळ आणि खारेपणाशी संबंधित, फुलोऱ्यातल्या उन्हासाठी म्हणून हे वाण नाहीत. उन्हावर काम चालूच आहे, चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये आफ्रिकेच्या भातातून टीटी १ नावाचा जीन शोधला, तो उन्हाने खराब झालेली प्रोटीनं पटापट साफ करतो, मग २०२२ मध्ये टीटी ३. आणि आपल्या उत्तर प्रदेशातला जुना नगीना २२ हा भात तर ऊन सोसण्यासाठी जगभर वापरला जातो. एका रानटी भातातून पहाटे लवकर फुलायचा गुण पण घेतलाय, म्हणजे ऊन चढायच्या आत फूल मिटून मोकळं! मला हा सगळ्यात आवडला, कारण हेच आपण तारीख बदलून करू शकतो.

काकांनी नेमकं तेच करायला लावलं. कर्जत ३ हा हळवा, म्हणजे लवकर तयार होणारा वाण दिला, तुळशीची लग्नं झाली की लगेच तरवा टाक म्हणाले आणि फुलोऱ्यात कुणग्यात (भाताच्या वाफ्यात) पाणी उभं ठेव, थोडा गारवा राहतो. बिलावर लॉट नंबर, पिशवीवर टॅग, मिठाच्या पाण्यात बी बुडवून तरंगणारं काढून टाकायला पण सांगितलं. भात फुललं ते महाशिवरात्रीच्या, कुणकेश्वरच्या जत्रेच्या आसपास, सकाळी बांधावर गेलं की हवेत अजून गारवा असायचा. गेल्या वर्षी ह्याच बारा गुंठ्यांत तीन पोती, यंदा साडेपाच. एका वर्षावरून मी छातीठोक सांगणार नाही, ऊन पण यंदा आमच्याकडे थोडं उशिराच चढलं, पण लोंब्या वाकलेल्या बघून मला बांधावर रडू आलं हे खरं आहे.

आता अर्धा स्टार. बियाणं सांगितल्यापेक्षा आठ दिवस उशिरा आलं, आणि ह्या पिकात आठ दिवस म्हणजे काय ते काकांनीच मला शिकवलंय, त्यामुळे ते मला लागलं. शेवटी तरवा टाकायला आमची धावपळ झाली. शिवाय दुपारी एक ते चार बंद, लांबून एसटीने येणाऱ्या बायकांनी काय करायचं? मुलगी नसेल तेव्हा काका एकटेच असतात, गर्दीत एवढं बोलायला वेळ मिळत नाही, तेव्हा सकाळी नऊलाच जा, आणि जाताना तरवा टाकल्याची आणि निसवल्याची तारीख लिहून न्या. त्यांच्याकडे एक वही आहे, गिऱ्हाइकांच्या तारखा ते त्यात लिहून ठेवतात, माझं पण पान आहे त्यात.